रुंद टायर आणि रिमचे माप



शाळेतून महाविद्यालयात गेलेल्या मुलांना मोटारसायकल मिळाली की पहिली हौस असते ती मागच्या चाकाला रुंद टायर लावण्याची. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. टायर ज्या रिमवर बसतो, ती रिमही तेवढी रुंद हवी.

आधी टायरवरचे आकडे वाचू या. १००/९०-१७ यात १०० ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ९० टक्के, अर्थात ९० मि.मी. १७ हा रिमचा व्यास इंचांत. आता १३०/७०-१७ घ्या. १३० चे ७० टक्के ९१ मि.मी. म्हणजे उंची जवळजवळ तीच आणि व्यासही तोच. त्यामुळे हा टायर जुन्या रिमवर चढतो, हवा धरतो आणि नीट बसला असे वाटते. फसगत इथेच होते. रिमची रुंदी टायरवर लिहिलेली नसते, ती रिमवर असते.

समजा रिमवर १७ x २.१५ असे आहे. २.१५ इंच म्हणजे सुमारे ५५ मि.मी. हे माप रिमच्या दोन काठांच्या आतले असते, बाहेरून मोजू नये. १३०/७०-१७ ला साधारण ३ ते ४ इंच, म्हणजे किमान ७६ मि.मी. रिम लागते. इथे २१ मि.मी. कमी पडली.

मग काय होते? टायरच्या दोन्ही कडा चिमटल्या जातात आणि माथा गोल फुगतो. सरळ चालताना रस्त्याला टेकतो तो मधलाच अरुंद पट्टा. मध्यभाग लवकर झिजतो. वळणावर गाडी तिरपी केली की टायर बाजूला डोलतो आणि चालवणाऱ्याला नेमका अंदाज येत नाही. शिवाय चिमटलेल्या टायरची रुंदीही पूर्ण भरत नाही. जास्त पैसे देऊन पकड उलट कमी होते, आणि पावसाळ्यात ही चूक जिवावर बेतू शकते.

उलट चूकही धोक्याची. फार रुंद रिमवर अरुंद टायर ताणला जातो. खड्ड्यात रिमला थेट मार बसतो आणि हवा कमी असेल तर टायरची कड रिमवरून सुटू शकते. मोटारीचा नियमही हाच. १८५/६५ आर १५ टायरला ५ ते ६.५ इंच रुंद रिम चालते, त्याबाहेर नाही.

टायर बदलण्यापूर्वी एवढे पाहावे :

१. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले टायरचे माप.

२. रिमवर कोरलेली रुंदी, आणि त्या टायरसाठी टायर कंपनीने दिलेली रिमची मर्यादा.

३. चेन, मडगार्ड आणि स्विंगआर्मपासून टायरचे अंतर. गाडीवर दोघे बसल्यावरही टायर कुठे घासता कामा नये.

४. टायरवरील भार आणि वेगाची खूण मूळ टायरपेक्षा कमी नसावी.

रुंद टायर हवाच असेल, तर त्याला जुळणारी रिम त्या गाडीला बसते का, हे आधी जाणकाराकडून तपासून घ्यावे. बसत नसेल तर मूळ मापाचाच चांगला टायर घ्यावा आणि त्यात हवा योग्य ठेवावी. पालकांनी पैसे देण्याआधी रिमवरचा आकडा मुलांकडून एकदा वाचून घ्यावा, ही विनंती.

— प्राचार्य