दोन दिवस पुण्याच्या मित्राकडे

शेतकरी बंधू-भगिनींनो, एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. काहीही काम नसताना, नुसते मित्राला भेटायचे म्हणून तुम्ही शहरात शेवटचे कधी गेला होता?

पुण्याला तुम्ही जाता, हे मला ठाऊक आहे. मार्केट यार्डात माल घेऊन जाता, पंपाचा सुटा भाग आणायला जाता, दवाखान्यात जाता, कोर्टाच्या तारखेला जाता. पण ही झाली कामाची फेरी. पहाटे निघायचे, रात्री परतायचे आणि मित्राचे घर वाटेवर असले तरी "आज गडबड आहे, पुढच्या खेपेला नक्की येतो" असा फोन करून मोकळे व्हायचे.

आपल्या प्रत्येक गावची दहा-वीस कुटुंबे तरी शहरात आहेत. कोणी १९७२ च्या दुष्काळात गेले, कोणी पुढे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत लागले, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी गेले. जत्रेला आणि हुरड्याला ते आठवणीने येतात. आपणही त्यांना घेवडा, भुईमुगाच्या शेंगा पिशवीभर बांधून देतो. पण त्यांच्या घराचा उंबरा आपण कितीदा ओलांडला?

माझ्या कार्यक्षेत्रातल्या दोन मित्रांची हकिकत सांगतो. दोघे एका बाकावर शिकले. एक शेतीत राहिला, दुसरा पुण्यात नोकरीला लागला. मध्ये अंतर एसटीच्या दीड तासाचे. पुण्याचा मित्र दर जत्रेला येई आणि जाताना "आता तुम्ही दोघे या" असे सांगून जाई. इकडे कधी उसाला तोड आलेली, तर कधी गाय वेतावर. अशी वीस-बावीस वर्षे गेली. शेवटी शेतकरी मित्र पत्ता शोधत त्या घरी गेला, तो दहाव्याला. पुढे एकदा बांधावर बसलो असता तो मला म्हणाला, "साहेब, गाय त्या दिवशीही गोठ्यात होतीच की. धार शेजाऱ्याने काढली."

बंधूंनो, या एका वाक्यात सारे आले. मयतीला जाताना जी सोय होते, ती भेटीला जाताना का होऊ नये?

सावड सुट्टीचीही करा

पेरणी-काढणीला आपण सावड करतो. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. तशीच सावड दोन दिवसांच्या सुट्टीची करावी. या पंधरवड्यात तुम्ही जा, शेजारी तुमचा गोठा पाहील. पुढच्या पंधरवड्यात तो जाईल, तुम्ही त्याचा पाहा. यात कोणाचे उपकार नाहीत की मिंधेपणा नाही.

मात्र गोठा सोपवताना थोडी पूर्वतयारी हवी. नवख्या हाताला गाय-म्हैस पान्हा चोरते. दूध कासेत राहिले तर कासदाह, म्हणजे आपण म्हणतो ती दगडी, होण्याची भीती असते. म्हणून निघण्याआधी दोन-तीन दिवस शेजाऱ्याला तुमच्यासमोर धार काढू द्या. धारेची रोजची वेळ बदलू नका. वैरणीतही अचानक बदल नको, नाहीतर पोट बिघडते. दोन दिवसांच्या पेंढ्या वेगळ्या बांधून ठेवा आणि आंबोण मोजून ठेवा. दुभत्या जनावराला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज लागते, म्हणून हौद भरून जा. पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. गाय आज-उद्या व्यायची असेल तर मात्र बेत पुढे ढकला. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात पाणी देण्याचे काम शेजाऱ्यावर टाकू नका. आधी पाणी देऊन मग निघा.

जाताना काय न्यावे

शहरातल्या मित्राच्या दोन खोल्यांत पोते ठेवायला जागा नसते, हे ध्यानात घ्या. दोन दिवसांत संपेल एवढेच न्या. आमच्या पुरंदरकडे सीताफळ होते. ते द्यायचे असेल तर डोळे उघडलेले पण टणक फळ निवडा, म्हणजे एसटीत चेपणार नाही. आधी फोन करून त्यांच्या सोयीचा दिवस ठरवा. मुलांची परीक्षा असेल तेव्हा जाऊ नका. पुष्कळ ठिकाणी पाणी ठरावीक वेळेलाच येते, तेव्हा आंघोळी लवकर उरका.

घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घ्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला आहे आणि स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे. वयासाठी आधार कार्ड जवळ असू द्या.

काय पाहावे

पहिला दिवस गप्पांचा. त्यासाठीच तर जायचे! दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून भुयारी मेट्रोने मंडईला जा. हा मार्ग २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. मुलांना त्याची गंमत वाटेल आणि खरे सांगायचे तर तुम्हालाही वाटेल. वर आले की समोर १८८६ ची दगडी मंडई आहे. तिथे माल विकायचा नाही, भाव विचारायचा नाही, नुसती इमारत पाहायची.

तिथून जवळच शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ ते उभे केले. तिथे दिवे आहेत, अडकित्ते आहेत, भांडी आहेत, कोरीव दारे आहेत. आपल्या आजीच्या हाताशी असायच्या अशा वस्तू काचेआड मांडलेल्या पाहून घरातली म्हातारी माणसे नातवंडांना त्यांचा उपयोग सांगू लागतात. त्या दिवशी शिकवणारे तेच होतात. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास गेलात, तर एम्प्रेस गार्डनमधले फुलांचे प्रदर्शनही पाहून घ्या.

कारभारणीसाठी दोन शब्द

गोठा, चूल आणि रान यांना रविवार नसतो, आणि त्यांचा सर्वांत मोठा भार घरच्या लक्ष्मीवर असतो. बाळंतपण आणि माहेरची सुखदु:खे सोडली, तर वर्षानुवर्षे घराबाहेर एक रात्रही न काढलेल्या भगिनी मी गावोगाव पाहतो. म्हणून जाल तेव्हा जोडीने जा. आणि तिथे गेल्यावर "आमच्या घरच्यांच्या हातची भाकरी खाऊन पाहा" असे म्हणून तिला पुन्हा तव्यापुढे बसवू नका! मित्राच्या पत्नीलाही ओझे नको. दोघा मित्रांनी मिळून भाजी निवडावी, ताटे घ्यावीत. त्यात कमीपणा नाही.

जमिनीला आपण विसावा देतो, बैलाला पोळ्याला खांद्यावर जू ठेवत नाही. मग माणसाने तेवढे वाईट का वाटून घ्यावे? दोन दिवसांत पीक वाळत नाही. न गेल्याने माणसे मात्र दुरावतात.

तेव्हा हा अंक खाली ठेवण्यापूर्वी कॅलेंडर काढा. पेरणी-खुरपणी उरकून काढणीला अवकाश असेल असा एक शनिवार-रविवार पाहून खूण करा. आधी शेजाऱ्याशी बोला, मग मित्राला फोन करा. आणि शेजाऱ्याची पाळी कोणत्या पंधरवड्यात, तेही त्याच कॅलेंडरवर लिहून ठेवा.