जुन्या डिझेल इंजिनातील टायमिंग चेन : झीज, मोजणी आणि बदल

प्रवासाचे वाहन हेच निवासाचे स्थान करण्याची कल्पना महाराष्ट्रात अलीकडे रुजू लागली असून २०२१ मध्ये राज्य शासनाने कॅरव्हान पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणही स्वीकारले. अशी फिरती घरे पुष्कळदा टेम्पो ट्रॅव्हलर या गाडीच्या सांगाड्यावर उभारली जातात. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने, म्हणजे २००५ नंतरच्या फोर्स मोटर्सने, ही गाडी १९८७ मध्ये बाजारात आणली. तिचा मूळ आराखडा मर्सिडीज-बेंझच्या टी-१ या गाडीचा होय. तिच्या जुन्या नमुन्यांत बसविलेले ओएम ६१६ हे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिनही त्याच घराण्यातील आहे. जर्मनीत ते १९७३ पासून प्रवासी मोटारींत व पुढे टी-१ वर बांधलेल्या असंख्य फिरत्या घरांत वापरले गेले. त्यामुळे या इंजिनाच्या साखळीचा प्रश्न युरोपातील जुन्या गाडीच्या मालकाला जसा पडतो, तसाच तो आपल्याकडील मालकालाही पडतो.

समजा, बदलापूरच्या शिरगाव भागात अशी एक जुनी गाडी उभी आहे. वर्षातून चार-पाच वेळा ती बारवी धरणाच्या बाजूने मुरबाडला आणि तेथून माळशेज घाटाकडे जाते; एरवी पावसाळाभर जागची हालत नाही. तिचे किलोमीटर थोडे भरतात, म्हणून साखळीही थोडीच झिजली असेल असा मालकाचा समज होतो. हा समज का टिकत नाही, आणि साखळी बदलण्याचा निर्णय कोणत्या आधारावर घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम साखळीचे कार्य पाहू. चार फेऱ्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो. झडपा कॅमशाफ्ट उघडतो. पिस्टन क्रँकशाफ्ट हलवितो. या दोहोंची वेळ जुळविण्याचे काम साखळीकडे असते. ओएम ६१६ मध्ये ती दुहेरी रुळांची असून इंधनपंपालाही तीच गती देते. या इंजिनाचे संपीडन सुमारे २१ : १ इतके आहे. पिस्टन शिरोबिंदूला पोहोचतो तेव्हा त्याचा माथा आणि झडप यांत फारच थोडी जागा उरते. साखळी तुटली, किंवा दंतचक्रावरून काही दाते उडाली, तर पिस्टन उघड्या झडपेवर आदळतो. झडपा वाकतात आणि प्रसंगी पिस्टनही फुटतो. घाटात भरल्या गाडीवर हा प्रसंग ओढवला तर हानी केवळ यंत्राची राहत नाही, हे सांगावयास नकोच.

‘साखळी ताणली’ असे कारखान्यात म्हणतात, परंतु तो शब्दप्रयोग दिशाभूल करणारा आहे. पोलादी पट्ट्या रबराप्रमाणे लांबत नाहीत. प्रत्येक दुव्यातील खिळी आणि तिच्याभोवतीचा बुश एकमेकांवर घासून झिजतात. दुव्यागणिक ही झीज नगण्य असते. मात्र दुव्यांच्या संख्येने तिचा गुणाकार होतो. एक उदाहरण घेऊ. दोन दुव्यांतील अंतर ९.५२५ मिलिमीटर, क्रँकशाफ्टवरील चक्राचे दाते २० आणि ताणाच्या बाजूला ५० दुवे, असे हिशेबासाठी धरू. दर दुव्याला ०.०५ मिलिमीटर झीज झाली, तर ती बाजू २.५ मिलिमीटरने वाढते. एक दाता म्हणजे क्रँकशाफ्टचे १८ अंश. त्यावरून कॅमशाफ्ट सुमारे ४.७ अंश मागे पडतो. नखावर न जाणवणाऱ्या झिजेचा हा परिणाम आहे.

येथे एक बाब विशेष ध्यानी घेतली पाहिजे. साखळीची ताणाची बाजू कॅमशाफ्टकडून इंधनपंपाच्या चक्रावरून क्रँकशाफ्टकडे उतरते. म्हणून पंप क्रँकशाफ्टला अधिक जवळचा आहे. वरील उदाहरणात पंप आणि क्रँकशाफ्ट यांमध्ये २० दुवे मानले, तर पंपाला होणारा विलंब केवळ १.९ अंश भरतो. झडपा अधिक उशिरा आणि इंधन थोडेसे उशिरा, अशी विषम स्थिती त्यातून उत्पन्न होते. थंड इंजिन सुरू होण्यास वेळ लागणे, धूर वाढणे, चढणीला दम कमी पडणे ही लक्षणे तिच्यापायी दिसू शकतात. तथापि तीच लक्षणे खराब नोजलमुळेही दिसतात. म्हणून केवळ लक्षणांवरून निदान करणे धोक्याचे ठरते.

आवाजावरून निदान करणे तर त्याहूनही फसवे आहे. साखळीच्या सैल बाजूला तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर असतो. वाढलेली लांबी तो पोटात घेतो, त्यामुळे साखळी वाजत नाही. परंतु टेन्शनर सैलपणा काढतो, विलंब काढीत नाही. कारण विलंब ताणाच्या बाजूला असतो आणि टेन्शनरचा हात तेथे पोहोचत नाही. शांत इंजिनाची साखळी निरोगीच असते असे म्हणता येत नाही, ते याच कारणाने.

तेव्हा मोजणीवाचून गत्यंतर नाही, आणि सुदैवाने ती सोपी आहे. टॅपेट कव्हर काढावे. क्रँकशाफ्ट पान्याने, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच, सावकाश फिरवीत कॅमशाफ्टवरील खूण तिच्या शेजारच्या बेअरिंगवरील खुणेशी आणावी. खूण पुढे गेली तर उलटे न फिरविता पुन्हा दोन फेरे द्यावेत, कारण उलट्या फेऱ्यात सैलपणा ताणाच्या बाजूस सरकतो आणि वाचन खोटे ठरते. खुणा जुळल्यावर पुलीवरील अंश वाचावेत. शिरोबिंदूनंतर जितके अंश दिसतील तितका कॅमशाफ्ट मागे आहे. अधिक सूक्ष्म मापन हवे असल्यास झडप २ मिलिमीटर उचलली असतानाचा अंश डायल गेजच्या साहाय्याने घेण्याची रीत आहे.

या घराण्यातील इंजिनांसाठी कॅमशाफ्टच्या चक्रात बसविण्याच्या पायरीच्या चाव्या मिळतात. त्यांनी साधारणतः ४ ते १० अंशांपर्यंतचा विलंब भरून काढता येतो. चावीने कॅमशाफ्ट वेळेवर येतो, पण झिजलेली खिळी झिजलेलीच राहते. शिवाय इंधनपंपाची वेळ वेगळी तपासावी लागते. विलंब थोडा असून साखळी अन्यथा निर्दोष असेल तेव्हा चावी हा योग्य उपाय होय. विलंब १० अंशांच्या आसपास आला की चावीवर विसंबणे म्हणजे दुखणे झाकणे होय. तेथे साखळीच बदलली पाहिजे.

बदलण्याची जी पद्धत रूढ आहे तिच्यातील युक्ती अशी, की क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा संबंध क्षणभरही तुटू द्यावयाचा नाही. इंजिनाचा पुढील भाग न उघडता, जुन्या साखळीच्या शेपटीला बांधून नवी साखळी आत ओढून घेतली जाते. प्रथम बॅटरीची तार सोडवावी, ग्लो प्लग काढून संपीडन नाहीसे करावे आणि टेन्शनर बाहेर घ्यावा. साखळीच्या पोकळीत स्वच्छ फडके कोंबावे. घासलेल्या लोखंडाचा कण किंवा खिळी आत पडली, तर वाचविलेले सर्व श्रम व्यर्थ जातात. कॅमशाफ्टच्या चक्रावरील एका दुव्याच्या खिळ्यांची टोके घासून तो दुवा सोडवावा. त्यापूर्वी दोन्ही बाजू चक्राला पक्क्या बांधून ठेवाव्यात.

जे टोक इंधनपंपाच्या बाजूने खाली उतरते, त्याला नवी साखळी तात्पुरत्या दुव्याने जोडावी. यापुढे दोन माणसे हवीत. एकाने क्रँकशाफ्ट नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवावा. दुसऱ्याने नवी साखळी चक्राच्या दात्यांवर दाबून धरावी आणि दुसऱ्या बाजूने वर येणारी जुनी साखळी सतत ताणात ठेवून ओढून घ्यावी. झडपांच्या स्प्रिंगांमुळे कॅमशाफ्ट मध्येच पुढे झेपावू पाहतो. तेथे घाई केल्यास दाता उडतो. हाताला अवचित अडथळा लागला तर जोर करू नये, थांबून कारण शोधावे. नवी साखळी पुरा वळसा घालून वर आली की दोन्ही टोके कायमच्या दुव्याने जोडून खिळ्यांची टोके योग्य हत्याराने फुलवावीत. या इंजिनात क्लिपेच्या दुव्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

त्यानंतर टेन्शनर तेलाने भरून बसवावा. क्रँकशाफ्ट हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा वाचाव्यात. नव्या साखळीचे वाचन शून्याच्या अगदी जवळ आले पाहिजे. ते तसे नसेल तर एक दाता चुकला असण्याचा संभव आहे, आणि अशा स्थितीत इंजिन स्टार्टरने फिरविणे म्हणजे झडपांवर आघात ओढवून घेणे होय. शेवटी इंधनपंपाची वेळ तपासावी. या इंजिनात ती शिरोबिंदूपूर्वी २४ अंश अशी निर्दिष्ट आहे.

या पद्धतीची मर्यादाही नमूद केली पाहिजे. तिच्यात खालची दंतचक्रे व साखळीचे मार्गदर्शक पट्टे प्रत्यक्ष पाहिले जात नाहीत. वरच्या चक्राचे दाते आकड्यासारखे वाकलेले दिसले, किंवा तेलाच्या तळाशी पट्ट्याचे तुकडे सापडले, तर इंजिन उघडण्याला पर्याय नाही. झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी फार काळ नवी राहत नाही.

आता शिरगावच्या आपल्या कल्पित गाडीकडे वळू. डिझेलची काजळी तेलात मिसळते आणि खिळ्यांवर बारीक पॉलिश पेपराप्रमाणे काम करते. गाडी थोडे अंतर चालून बंद होत राहिली तर तेलात ओलावा साठतो. दीर्घकाळ उभ्या गाडीतील साखळीवरचे तेल निथळून जाते, आणि सुरू होतानाचे पहिले काही क्षण ती जवळजवळ कोरडीच धावते. उल्हास नदीच्या खोऱ्याने २६ जुलै २००५ चा पूर पाहिला आहे. गाडी अशा पाण्यात उभी राहिली असेल तर तेल बदलल्यावाचून इंजिन फिरविणेही अनुचित. किलोमीटरच्या आकड्यात यांपैकी कशाचीच नोंद होत नाही.

सारांश, टायमिंग चेन ही वस्तू असली तरी तिचे मोल ती टिकविते त्या संबंधात आहे, आणि तो संबंध अंशांत मोजता येतो. दरवर्षी पावसाळ्यानंतर, घाटाचा पहिला प्रवास करण्यापूर्वी, हा एक आकडा वहीत टिपून ठेवला, तर चार-पाच वर्षांत त्या इंजिनाच्या झिजेचा वेग मालकाच्या हाती येतो. साखळी केव्हा बदलावी, या प्रश्नाला अनुमानापेक्षा ती वहीच अधिक विश्वसनीय उत्तर देईल.