औषधपेटीमागचा रुपया

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गजवळ अणदूर लागतं. खंडोबाचं गाव.

याच गावात डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी सहकाऱ्यांसह हॅलो मेडिकल फाउंडेशन उभी केली. ‘हॅलो’ हे औरंगाबादच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या चळवळीचं नाव: हेल्थ अँड ऑटो लर्निंग ऑर्गनायझेशन. स्वतः शिकत आरोग्याचं काम करायचं, हा त्यामागचा विचार. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने याच पट्ट्यातली गावं जमीनदोस्त केली. उपचार करणारं माणूस गावातच असण्याची गरज त्यानंतर कुणाला पटवून द्यावी लागली नाही.

संस्थेची खरी ओळख म्हणजे ‘भारतवैद्य’. गावातल्याच, बहुतेक कमी शिकलेल्या बायकांना शिकवायचं, हाती औषधपेटी द्यायची आणि ताप-जुलाबापासून गरोदरपणापर्यंतची पहिली काळजी त्यांच्यावर सोपवायची. सरकारची ‘आशा’ आरोग्यसेविका 2005 नंतर आली. अणदूरचा प्रयोग त्याच्या बराच आधीचा.

अशा कामाला पैसा कुठून येतो? काही देणगीदारांकडून, काही प्रकल्पांच्या अनुदानातून. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक मोठ्या कंपन्यांना मागील 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला लावली, तेव्हा नवा दरवाजा उघडला. परदेशी देणगीवर मात्र तिच्यासाठीच्या वेगळ्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर पहारा कडक झाला: पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यायला हवा, आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत.

अडचण इथेच आहे. इमारतीला, रुग्णवाहिकेला, यंत्राला पैसे मिळतात. त्यावर नाव घालता येतं. घाबरत पहिल्यांदा रक्तदाब मोजणाऱ्या बाईला धीर देणारी कार्यकर्ती, तिचा पगार, एसटीचं भाडं, पुन्हा पुन्हा गावात जाणं, हे मात्र हिशेबात सहज ‘प्रशासकीय’ ठरतं. खरं तर माणूस घडवायच्या कामात तोच मुख्य खर्च. पेटी एकदा देऊन होते, सोबत वर्षानुवर्षं द्यावी लागते.

प्रकल्पाचा करार मात्र साधारण 2-3 वर्षांचा. तो संपला तरी बाई त्याच गावात राहते, आणि रात्री कुणाचं मूल तापलं की लोक तिचीच कडी वाजवतात. म्हणून कुठल्याही अटीशिवाय दिलेली लहान देणगी अशा संस्थांना फार मोलाची. दोन प्रकल्पांच्या मधल्या कोरड्या महिन्यांत कार्यकर्तीचा गावापर्यंतचा फेरा त्याच पैशातून चालू राहतो.