ग्रॅनाइटचा ओटा : भावपत्रके कशी ताडून पाहावीत?

हिंगणघाटच्या आमच्या कापड दुकानात आठवड्यातून एखादे गिऱ्हाईक तरी म्हणतेच, "सेठ, हेच कापड पलीकडे मीटरमागे दहा रुपयांनी स्वस्त आहे." आम्ही विचारतो, पन्ना किती? पलीकडचा छत्तीस इंची निघतो, आमचा चव्वेचाळीस. मग भावाची तुलना होणार कशी? इतकी वर्षे दुसऱ्यांना हा प्रश्न विचारणारे आम्ही, घरच्या स्वयंपाकाच्या ओट्यासाठी दगड घ्यायला निघालो तेव्हा मात्र स्वतः विचारायचे विसरलो.

तीन ठिकाणी भाव काढले. एकाने चौरस फुटाचा भाव सांगितला, दुसऱ्याने रनिंग फुटाचा, तिसऱ्याने सगळे मिळून एक आकडा. ज्याचा आकडा कानाला सर्वांत लहान वाटला त्याला आम्ही बयाणा देऊन मोकळे झालो. पुढे काय झाले ते सांगूच. आधी हिशेबाची रीत पाहू, कारण आमच्या वाचकांपैकी कित्येक जण घर किंवा दुकान बांधण्याच्या बेतात असतील.

पहिली गोष्ट मापाची. दोन फूट रुंदीच्या ओट्याचा एक रनिंग फूट म्हणजे दोन चौरस फूट दगड. म्हणून रनिंग फुटाचा भाव आधी निम्मा करावा आणि त्यात समोरची पट्टी धरली आहे की नाही ते विचारावे. ओटा काटकोनी असेल तर खरी गोम कोपऱ्यात असते. समजा, एका भिंतीला दहा फूट आणि दुसरीला सहा फूट ओटा आहे. दोन्ही बाजू सरळ दोनने गुणल्या तर बत्तीस चौरस फूट होतात. पण कोपऱ्याचा दोन बाय दोनचा तुकडा त्यात दोनदा मोजला गेला. खरे माप अठ्ठावीसच. चार फुटांचे पैसे न घेतलेल्या दगडाचे!

आता ह्याच ओट्याचे दोन भाव घेऊ. आकडे आजच्या बाजाराचे नव्हेत, रीत समजावी म्हणून घेतले आहेत. एक दुकानदार म्हणतो, १८० रुपये चौरस फूट. दुसरा म्हणतो, २९०. कोणीही पहिल्याकडेच जाईल. पण पहिल्याचे माप बत्तीस फुटांचे, म्हणजे दगडाचेच ५,७६० रुपये झाले. उघड्या कडेचे गोल पॉलिश चौदा फूट, ६० रुपयांप्रमाणे ८४०. सिंकचा काप ५००. गाडीभाडे ८००. बसवणावळ चाळीस रुपयांप्रमाणे १,२८०. बेरीज ९,१८०, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १०,८३२ रुपये. दुसऱ्याच्या २९० मध्ये कड, काप, भाडे, बसवणे सर्व आले आणि माप अठ्ठावीसचे. म्हणजे ८,१२०, कर धरून ९,५८२. स्वस्त वाटणारा साडेबाराशे रुपयांनी महाग पडला.

कराबद्दल व्यापारी बंधूंना वेगळे सांगायला नको. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटच्या लाद्यांवरचा दर नोव्हेंबर २०१७ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला बिलात वेगळा जीएसटी लावता येत नाही, त्याने लावला तर विचारावे. आणि कच्च्या बिलावर कर वाचतो खरा, पण दगड तडकला तर ग्राहक आयोगापुढे हातात काय धरून जाल?

दुसरी गोष्ट जाडीची. "पाऊण इंच" असे सगळेच म्हणतात. पाऊण इंच म्हणजे एकोणीस मिलिमीटर. प्रत्यक्षात लादी सोळाची असू शकते, अठराची किंवा विसाचीही. भावपत्रकावर जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी आणि माल उतरताना टेप लावून पाहावा. वजनही सांगते. अठरा मिलिमीटरचा एक चौरस फूट साधारण साडेचार किलो भरतो, सोळाचा चार किलो. पातळ दगड सपाट ठिकाणी, खाली कडप्प्याचा आधार असेल तर चालून जातो. सिंकच्या पुढे-मागे जी तीन-चार बोटांची पट्टी उरते, तिथे तो दगा देतो. खालचा कडप्पा भावात धरला आहे का, हेही विचारावे.

तिसरी गोष्ट रंगाची, आणि इथे आम्हा कापडवाल्यांची नजर कामी येते. कापड घेताना ओल्या रुमालाने रंग पक्का की कच्चा पाहतो, तसेच काळ्या ग्रॅनाइटचे. करड्या दगडाला काळा रंग चढवून तो काळा म्हणून विकला जातो. नखांचे पॉलिश काढायचे अ‍ॅसिटोन पांढऱ्या चिंधीवर घेऊन दगडावर घासावे. चिंधी काळी झाली तर समजून जावे. नावावर फार जाऊ नये. आंध्रात ओंगोलजवळ चिमाकुर्तीचा ठिपक्यांचा काळा, तेलंगणात करीमनगरचा तपकिरी, राजस्थानात जालोरचा दगड हे खरोखर वेगवेगळे आहेत आणि त्यांचे भावही वेगळे. पण दुकानात एकच नाव दोन निराळ्या दगडांना दिलेले आम्ही पाहिले आहे. तुकडा पाहून, त्यावर सही करून तो घरी ठेवावा. पूर्ण लादीचे पैसे घेतले असतील तर उरलेला कटपीसही आपलाच, उंबरठ्याला किंवा खिडकीला उपयोगी पडतो.

भावपत्रकात एक ओळ आणखी हवी: कटाई कुठे होणार? ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असते. कोरडी कटाई केली की त्याची बारीक धूळ छातीत बसते आणि तीच पुढे सिलिकोसिस होते, ज्यावर बरे करणारे औषध नाही. पाणी सोडून कटाई केली तर धूळ पुष्कळ दबते, वेळ मात्र जास्त लागतो. बसवणावळ फार पाडून मागितली की मिस्त्री बंद खोलीत कोरडेच यंत्र फिरवतो. ह्या कामात कोणाकोणाची मुले आहेत हे आपल्या मोहल्ल्यात सांगावे लागत नाही.

आता आमच्या ओट्याचे. सहाव्या महिन्यात सिंकच्या पुढची पट्टी तडकली. दगड सोळाचा निघाला, खाली आधार नव्हता. दुकानदार म्हणाला, मिस्त्रीने चुकीचा बसवला. मिस्त्री म्हणाला, "चाचा, दगडच पातळ होता, मी तेव्हाच बोललो होतो." बोलला होता खरा. बसवणावळीत दोनशे रुपये कमी कर म्हणून आम्ही त्याच्याशी घासाघीस करत होतो, त्या गडबडीत ऐकले नाही. कागदावर जाडी नव्हती, आधार नव्हता, फक्त एकूण रक्कम होती. दुकानदाराला काही म्हणायला तोंड उरले नाही. घरच्यांनी चार दिवस आमच्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले.

नवीन दगड अठराचा घेतला, मापून. बसवायला त्याच मिस्त्रीला बोलावले, पहिल्या वेळचे कापलेले दोनशे रुपयेही त्याच्या हातावर ठेवले आणि अंगणात नळाची पाइप लावून दिली.