जात्याची निगा

श्रोतेहो, 'जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात' ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली आहे. दाण्यांचे सुखदुःख आपण ऐकले. पण जात्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकले आहे का? गावात गिरणी आली, मग घरोघरी विजेची घरघंटी आली आणि जाते ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. तरी ते अगदीच गेले असे नाही. हरभऱ्याची डाळ पाडायची, मुगाचा भरडा काढायचा, लग्नाची हळद दळायची, वीज नसेल तेव्हा किलोभर पीठ काढायचे, की जात्याची आठवण होते. आणि वर्षभर पडून राहिलेले जाते तसेच पुढे ओढून दळले, की भाकरी दाताखाली कचकचते. ही कचकच कशाने होते आणि ती कशी टाळावी, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम जात्याची रचना पाहू. गावोगावी नावे थोडी वेगळी असतील, पण भाग तेच. खालची तळी स्थिर असते. तिच्या मधोमध खीळ ठोकलेली असते. वरची तळी फिरते. तिच्या मधल्या भोकाला आपण तोंड म्हणतो, आणि त्या तोंडात आडवी बसवलेली लाकडी पट्टी म्हणजे माकडी. खिळीचे टोक माकडीत बसते. कडेला हाताने धरायचा तो खुंटा.

आता गंमत अशी, की चांगल्या जात्याच्या दोन तळ्या सगळीकडे सारख्या टेकत नाहीत. मध्यभागी त्यांच्यात फट जास्त असते, कडेकडे ती कमी होत जाते. तोंडातून पडलेला दाणा आधी मध्यभागी फुटतो. मागून येणारी वैरण आणि तळीचे फिरणे यांमुळे तो बाहेर सरकतो, आणि जसजसा सरकतो तसतसा बारीक होतो. तळ्यांवर टाकीने जे टाके मारलेले असतात, त्यांच्या धारा कात्रीसारखे काम करतात. म्हणजे जाते दाणा नुसता चिरडत नाही, कापतेही. शहरात कॉफीचे दाणे दळायची जी लहान यंत्रे असतात, त्यांपैकी चांगल्या यंत्रांत पोलादाच्या दोन चिमुकल्या तळ्याच असतात, तत्त्व हेच. घरघंटीचे मात्र वेगळे. तिच्यात बहुधा फिरती पाती दाणा फोडतात, आणि पीठ जाड की बारीक हे खालची जाळी बदलून ठरते.

मग जात्यात जाड-बारीक कसे करायचे? तीन गोष्टी आपल्या हाती आहेत. पहिली वैरण. मूठ मोठी घातली की पीठ जाडसर उतरते, थोडी थोडी घातली की बारीक. दुसरी फट. माकडी आणि खीळ यांच्यामध्ये कापडाची किंवा कातड्याची लहान चकती घातली, की वरची तळी किंचित उचलली जाते आणि डाळ अख्खी पडते. चकती काढली की पुन्हा पीठ. तिसरी गोष्ट बैठक. जाते सपाट जागी नसेल, तर एका बाजूने पीठ आणि दुसऱ्या बाजूने कणी येते. असे दिसले की टाकी शोधण्याआधी जमीन तपासावी. पिठाची परीक्षा मात्र अंगठा आणि बोट यांच्या चिमटीतच करायची. याहून सोपे साधन नाही.

आता सफाई. जात्यावर पाणी ओतून ते धुऊ नये. आपला काळा दगड वरून कठीण दिसला तरी त्यात बारीक छिद्रे असतात. छिद्रांतल्या पिठाला पाणी लागले की त्याची लापशी होते, मग ती आंबते, बुरशी धरते आणि पुढच्या दळणाला वास येतो. त्यापेक्षा दोघांनी मिळून वरची तळी उचलावी, कोरड्या ताठ कुंच्याने दोन्ही अंगे झाडावी, तोंड आणि माकडीखालची जागा काडीने कोरावी, कारण किडे तिथेच दडतात. मग दोन्ही तळ्यांना चांगले ऊन द्यावे. तीळ, जवस, शेंगदाणे असे तेलकट दाणे दळले, तर टाके तेलाने बुजतात. अशा वेळी मूठ-दोन मूठ कोरडे तांदूळ भरडून काढावेत. ते तेल ओढून घेतात. ते पीठ खाण्यात घेऊ नये.

सफाई करूनही पीठ गरम येऊ लागले, वेळ जास्त लागू लागला, म्हणजे टाके झिजले असे समजावे. जात्याला टाकी लावण्याची वेळ आली. पूर्वी टाकारी दारावर हाळी देत येत. आता ते क्वचित येतात, म्हणून हे काम थोडे समजून घेतलेले बरे. आधी उंचवटे शोधायचे. एका सरळ लाकडी फळीच्या कडेला ओला गेरू लावावा आणि ती खालच्या तळीवरून हलके फिरवावी. जिथे तांबडा डाग उमटेल तिथे दगड उंच आहे. तेवढाच आधी उतरवायचा. मग तोंडापासून कडेकडे ओळीने टाके मारायचे. हात हलका हवा. टाका ज्वारीच्या अर्ध्या दाण्याहून खोल नको. कडेला आणखी जपून, नाहीतर कपची उडते. हे काम उघड्यावर करावे, नाकातोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावून. दगडाची धूळ फुप्फुसाला वाईट, आणि डोळ्यात गेलेली कपची त्याहून वाईट.

इथे माझीच एक फजिती सांगतो. एका सुट्टीत मी उत्साहाने आत्याच्या जात्याला टाकी लावली आणि लगेच ज्वारी दळायला दिली. पहिला घास घेतला आणि आत्या थांबली. म्हणाली, "अरे, भाकरी केलीस की वाळू भाजलीस? टाकी लावल्यावर आधी कोंडा दळायचा असतो, एवढं तुमच्या पुस्तकात नाही होय?" आत्याचे बरोबर होते. टाकी लावल्यावर तळ्या कुंच्याने दोन-तीनदा झाडाव्यात, मग कोंडा किंवा टाकाऊ धान्य दळावे आणि ते फेकून द्यावे. कचकच पुरती थांबेपर्यंत हे करावे. ते पीठ जनावरालाही घालू नये.

दुरुस्तीत दोनच गोष्टी वारंवार येतात. खुंटा हलतो, आणि खीळ ढिली होते. खुंट्याला वाळलेले बाभळीचे लाकूड घ्यावे; ओले लाकूड ठोकले तर ते सुकून आकसते आणि पुन्हा हलू लागते. खिळीलाही अशाच लाकडाची पाचर मारावी. आणि आता जे सांगतो ते कृपा करून लक्षात ठेवा. खीळ पक्की करण्यासाठी भोवती शिसे कधीही ओतू नका. लोखंड दगडात बसवताना शिसे ओतण्याची रीत जुनी आहे, आणि जुन्या बॅटरीतले शिसे सहज मिळते. पण ते झिजून पिठात उतरते. १९८० च्या दशकात जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील पॅलेस्टिनी गावांत पोटदुखी आणि पांडुरोग यांचे अनेक रुग्ण आढळले. शोध घेतला तेव्हा कारण निघाले गावच्या दगडी गिरण्यांत. तिथे तळीतले लोखंड बसवायला शिसे वापरलेले होते, आणि तेच पिठातून घराघरांत गेले होते. शिसे दिसत नाही, कचकचत नाही, चवीलाही कळत नाही. लहान मुलांच्या मेंदूला मात्र ते कायमची इजा करते. तुमच्या जात्यात खिळीभोवती करडा, नखाने ओरखडा उठणारा मऊ धातू दिसला, तर त्या जात्यावर खाण्याचे काही दळू नका. तळीला तडा गेला असेल, तर तोही सिमेंटने बुजवून वापरू नका. ते जाते आता अंगणात शोभेला ठेवावे.

शिक्षक मित्रांना एक प्रयोग सुचवतो. काचेच्या पेल्यात चमचाभर पीठ पाण्यात ढवळा आणि थोडे थांबून वरचे पांढरे पाणी ओता. पुन्हा पाणी घाला, पुन्हा ओता. पीठ हलके म्हणून पाण्याबरोबर जाते, दगडाची कणी जड म्हणून तळाशी राहते. तळ बोटाने चोळला की ती हाताला लागते. जड-हलक्याचा धडा मुलांना फळ्यापेक्षा या पेल्यात लवकर कळेल, आणि घरी जाऊन ती आईच्या पिठाचीही परीक्षा घेतील.

जात्यावरच्या ओव्या जपण्याचे काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी केले; गावोगावच्या बायांकडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओव्या अशा जपल्या गेल्या. ज्या घरात जाते अजून फिरते आहे, तिथे दगड जपण्याचे काम आपले. कुंचा, ऊन, हलकी टाकी आणि बाभळीची पाचर, एवढ्यावर ते भागते.