शनिवार तेल्यांचा लढा

इस्रायलमधला धार्मिक राष्ट्रवादी विरुद्ध निधर्मी डावे हा वाद केवळ विचारांचा आहे, असं अनेकांना वाटतं. मला त्याचं एक मूळ सत्तेच्या तडजोडीत दिसतं, आणि तिची किंमत मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी मोजली. सत्तेतल्या डाव्या मापाई पक्षाला सरकार टिकवायला धार्मिक पक्ष हवे होते. या तडजोडीत १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयांकडे गेले. कोकणात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जाणारे, हे मराठी ज्यू म्हणजे बेने इस्रायल. ते इस्रायलमध्ये स्थायिक होत असताना, १९६२ मध्ये मुख्य रब्बींनी आदेश काढला: यांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करा.

कुणी म्हणेल, यात भेदभाव नव्हता. जुने घटस्फोट आणि दीराशी विवाह यांबाबतचे शास्त्राचे नियम पाळले गेले का, एवढीच शंका होती. शंका प्रामाणिक मानली, तरी आदेशात एकाच समाजाचं नाव घालणं हा अन्यायच. बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. रब्बींनी आदेशातून नाव वगळलं, विवाहांवरचा अधिकार मात्र सोडला नाही. ज्यू जोडप्यासाठी इस्रायलच्या कायद्यात आजही नागरी विवाह नाही.