राख फेकू नका. पण आधी तिचा हिशेब करा

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील भातशेतकऱ्याला राखेची किंमत सांगावी लागत नाही. पावसाळ्यापूर्वी झाडांचा टहाळ, पालापाचोळा, शेण व माती यांचे थर रचून राब भाजायचा आणि त्याच जागी भाताचे रोप करायचे, ही इकडची जुनी रीत. भाजणीने तणाचे बी मरते आणि राख रोपाला मिळते. राबाच्या टहाळाचा प्रश्न १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढेही आला होता.

याउलट ढाबे, बेकऱ्या व लग्नाच्या जेवणाचे ठेकेदार यांच्या भट्टीतील राख बहुधा उकिरड्यावर किंवा नाल्यात जाते. मग या राखेचा धंदा करता येईल काय?

उत्तर हिशेबात आहे. १०० किलो वाळक्या लाकडामागे राख साधारण एक-दोन किलोच निघते. तिच्यात पोटॅश शेकडा पाचच्या आसपास असते. दुकानातील म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ते शेकडा ६० असते. म्हणजे सुमारे १२ किलो राख एक किलो म्युरेटच्या बरोबरीची झाली. म्युरेटच्या किलोच्या भावाला १२ ने भागा. राखेचा खतापुरता भाव कळेल. एवढ्या भावात दुरून टेम्पोने राख आणणे परवडत नाही. त्यासाठी कर्ज काढणे तर नकोच.

फायदा जवळच्या देवघेवीत आहे. भट्टीवाल्याने शेजारच्या भेंडी-काकडीच्या बागायतदाराला राख द्यावी. त्याचा फेकण्याचा त्रास वाचेल, बागायतदाराचे खत वाचेल. राखेतील चुना कोकणातील आम्लधर्मी लाल मातीलाही मानवतो. वर्षाला गुंठ्यामागे पाच ते दहा किलो पुरे. विक्रीच करायची असेल, तर बारीक चाळून भांडी घासण्यासाठी लहान पाकिटे करावीत. तेथे भाव मेहनतीला मिळतो.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत :

१) राख कोरडी ठेवा. पोटॅश पाण्यात विरघळते; भिजलेल्या राखेतून ते वाहून जाते.

२) राखेखाली निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहतो. गरम राख गोणीत भरू नका, पेंढ्याजवळ ठेवू नका. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पूर्ण निवू द्या.

३) युरिया किंवा अमोनियम सल्फेटमध्ये राख मिसळू नका. नत्र अमोनिया होऊन हवेत उडते व खताचे पैसे बुडतात.

४) रंग दिलेले लाकूड, प्लायवूड किंवा प्लास्टिक जळालेली राख शेतात व भांड्यांना वापरू नका. वीटभट्टीतील कोळशाची राख वेगळी. ती यात मिसळू नका.

५) विहिरीजवळ किंवा ओढ्यात राख टाकू नका.

आणखी एक घरगुती उपयोग आहे. बियाण्यासाठी ठेवलेल्या वाल-हरभऱ्यात थंड, चाळलेली राख मिसळली, तर भुंग्यापासून बचाव होतो. मोठी कमाई राखेत नाही. मात्र वाचलेले खत आणि टिकलेले बियाणे ही बचत आहे, आणि लहान धंद्यात बचत हाच पहिला नफा होय.